वेणीचा फोटो

दत्तण्णा,

त्या गुरुवारी फोनवर तू मला ठिपका कुठे आहे ते विचारलं नाहीस. तू सांगितलंस.

मी रिपोर्टचा कागद हातात धरून वाचायला नुकती सुरुवात केली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी सगळ्यांचा काढतात तसा माझ्या छातीचा फोटो काढला होता, आणि त्यात उजव्या बाजूला वर एक लहान सावली दिसते, एवढंच वाचून झालं होतं. तू म्हणालास, "कॉलरबोनच्या मागे?" मी पुढची ओळ पाहिली. तिथे तेच लिहिलं होतं. मी "होय" म्हणाले. तुझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. वैनी कुणाला तरी काही म्हणाली. नंतर तुझा आवाज आला, "सुमे, सोमवारी ये. मी जुने फोटो काढून ठेवतो. तोवर सुम्ने, उगाच, भिऊ नकोस."

रविवारी सकाळी तू गेलास.

आज एकोणीस दिवस झाले. मी चौतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासल्या. बातमीच्या कडेला लाल पेनानं मी एकच प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा लिहिला असेल: हे कळलं कसं? बातमीदार चिडायचे. आता तोच प्रश्न मी तुझ्या नावासमोर लिहून बसले आहे. मी जागा सांगायच्या आधी ती तुला कळली कशी? माझ्या छातीत काही आहे असं माझ्या अडुसष्ट वर्षांत एकदाच कुणी म्हटलं होतं. ते तूच म्हणाला होतास, आणि ते चूक ठरलं होतं.

ते मी इथे एकदा नीट लिहून काढते. आपण दोघं त्यावर कधी सरळ बोललो नाही.

मी बावीस वर्षांची होते आणि तीन आठवडे खोकत होते. तू मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एक्स-रे विभागात शिकत होतास, दुसऱ्या वर्षाला. आपण म्हैसुरात, लष्कर मोहल्ल्यात, मोठ्या काकांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, शिलाईच्या दुकानावर राहत होतो. खाली चार मशिनं, वर दोन कुटुंबं. मुलगा डॉक्टर झाला याचा सगळ्यांना अभिमान होता, पण कसला डॉक्टर ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. तुझी आई, माझी काकी, तीच म्हणायची, "एवढं शिकून फोटोग्राफर झाला की आमचा! कुणाची नाडीसुद्धा धरत नाही." तू म्हणायचास, "आई, मी आतलं बघतो." काकी म्हणायची, "बघ की. पण बाहेरचं बघणाऱ्यालाच लोक डॉक्टर म्हणतात."

काकी मला घेऊन तुझ्याकडे आली. फोटो काढणारा माणूस भला होता. तरुण मुलीला केस वर घ्या म्हणायला तो लाजला, आणि त्या खोलीत तेव्हा एकही बाई कामाला नव्हती. माझी वेणी जाड होती. उजव्या खांद्यावरून ती पुढे आली होती आणि गाऊनच्या आत होती. तू अजून ओला असलेला फोटो दिव्यासमोर धरलास. तुझ्या सरांना दाखवायचीही वाट पाहिली नाहीस. "उजवीकडे वर आहे. टीबी असावा," म्हणालास. तू घाबरला होतास, हे मला दिसलं. मी घाबरले ते तुझ्याकडे बघून.

काकी त्याच संध्याकाळी देवळात एकादशीच्या भजनाला गेली. 'असावा' तेवढा वाटेत गळून पडला. शिमोग्याच्या स्थळाशी माझं बोलणं पक्कं होत आलं होतं आणि मुलाचे मामा त्याच भजनात टाळ वाजवत होते.

चार दिवसांनी गावाला गेलेले तुझे सर परत आले. त्यांनी फोटो पाहिला, डोक्याला हात लावला आणि सगळ्या विद्यार्थ्यांसमोर ओरडले, "जडे कणय्या इदु! जडे!" अरे, ही वेणी आहे, वेणी! सगळे हसले. मला परत बोलावून केस वर बांधायला लावले, दुसरा फोटो काढला. सर म्हणाले, क्लिअर. खोकला त्याच आठवड्यात गेला. शिमोग्याला निरोप पाठवला. ऐकून आनंद झाला, असं त्यांनी कळवलं, आणि महिन्याभरात दुसरीकडे सोयरीक जुळवली. त्या मुलाला मी एकदाच पाहिलं होतं. त्यानं उप्पीट दोनदा मागून घेतलं होतं, तेवढंच आठवतं.

सहा महिन्यांनी मी कन्नड दैनिकात प्रूफं वाचायला लागले आणि तिथेच राहिले. लग्न केलं नाही. ही वाक्यं एकापाठोपाठ आली तरी एकातून दुसरं निघालेलं नाही. मला ते काम आवडलं होतं. हे मी तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण न सांगण्यात माझी सोय होती. आपला वाद व्हायचा, आणि कशावर व्हायचा नाही? कावेरीच्या पाण्यावर, निवडणुकांवर, वैनीच्या सांबारात गूळ असावा की नाही यावर. मी हरायला लागले की मागची वेणी उचलून खांद्यावरून पुढे घ्यायचे. तोंडानं काही बोलायचे नाही. तू गप्प व्हायचास. "साकु बिडु," म्हणायचास, पुरे आता, आणि चहा मागवायचास. वेणी पातळ झाली, मग पांढरी झाली, मग मी केस खांद्यापर्यंत कापले. तरी हात खांद्याकडे जायचा आणि तेवढ्यानंही तू गप्प व्हायचास.

वेणीच्या फोटोनंतर तू दोन गोष्टी सुरू केल्यास. दुकानातल्या कापडाच्या उरलेल्या पट्ट्या एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात भरून तू एक्स-रेच्या खोलीत नेऊन ठेवल्यास आणि भिंतीवर कन्नडमध्ये लिहिलंस: केस वर बांधा. शाळेच्या गणवेशांचा निळा, बँडवाल्यांच्या कोटांचा लाल, वकिलांचा काळा. मोठे काका म्हणाले, "माझं कापड पेशंटच्या डोक्यावर!" पण दर दोन महिन्यांनी डबा भरून द्यायचे. दुसरी गोष्ट, रिपोर्ट लिहिण्याआधी तू खुर्चीतून उठायला लागलास. फोटोत काही दिसलं की हातातला कागद ठेवून बाहेर बाकावर जायचास, माणूस पाहायचास, त्याच्याशी चार शब्द बोलायचास, मग आत येऊन लिहायचास. तुझे सर हसायचे. "फोटोत सगळं आहे, बाहेर काय मिळतं तुला?" तू म्हणायचास, "वेणी."

हे मला तुझ्याच तोंडून कळलं होतं. त्यावर मी एकदा छोटा लेखही लिहिला होता. माझं नाव न देता. तुझंही न देता.

पुढे तुझा विभाग बदलत गेला आणि मी तो लांबून पाहत गेले. सोनोग्राफी आली, मग सीटी. तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीला महत्त्व आलं. सकाळी साडेआठला वरचे मोठे डॉक्टर आपापले विद्यार्थी घेऊन खाली उतरायचे. तुझ्या खोलीच्या भिंतीवर दिव्यांच्या पेट्यांची रांग होती. तिच्यावर तू एकेक फोटो लावायचास आणि सगळ्यांत लहान विद्यार्थ्याला आधी विचारायचास. मोठ्यानं आधी उत्तर दिलं की लहान तेच म्हणतात, असं तुझं म्हणणं. एकदा मी बातमीसाठी त्या तासाला मागे उभी राहिले होते. एक सर्जन बरोबर नसताना बरोबर असल्यासारखं बोलत होते. तू त्यांना म्हणालास, "डॉक्टर, पोट तुम्ही उघडणार आहात. घाई मला नाही, तुम्हालाच आहे." सगळे हसले, सर्जनसुद्धा, आणि त्यांनी ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं. काकी तेव्हा हयात असती तर मी तिला तो तास दाखवला असता.

मग फोटो संगणकावर गेले. वॉर्डातल्या डॉक्टरांना ते जागच्या जागी दिसायला लागले, आणि खाली यायचं कुणाला कारण उरलं नाही. साडेआठचा तास कुणी बंद केला नाही. माणसं कमी होत गेली आणि एके दिवशी तुझ्याखेरीज कुणी आलं नाही. जुन्या फिल्म्सची खोली रिकामी केली. एक्स-रेच्या फिल्ममध्ये चांदी असते; ती काढणारा माणूस लष्कर मोहल्ल्यातलाच होता, आपल्या जुन्या दुकानापासून चार दारांवर. पोतीच्या पोती त्याच्याकडे गेली. तू शिकवायच्या तेवढ्या फिल्म्स एका पेटीत भरून घरी आणल्यास. पुढे काही फोटो बाहेरगावी बसलेल्या डॉक्टरांकडे वाचायला जाऊ लागले. संशयाच्या जागी आपोआप गोल काढणारा प्रोग्रॅम आला. तू निवृत्त झालास, तरी विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एक सकाळ जायचास.

त्याच सुमाराला मी ती बातमी केली. विभाग संगणकावर गेला, फिल्म संपली, रिपोर्ट तासाभरात मिळतो. मी चार लोकांशी बोलले, दोन वेळा तपासलं. तू पेपर घेऊन घरी आलास. चहासुद्धा घेतला नाहीस.

"प्रत्येक वाक्य बरोबर आहे ग," म्हणालास, "पण बातमी चुकली."

"कुठलं वाक्य चुकलंय ते दाखव."

"तेच तर. एकही नाही. आता फोटो वाचणारा आणि ज्याचा फोटो तो माणूस, हे दोघं एका गावात नसतात. ते कुठे आहे तुझ्या बातमीत?"

मी म्हणाले, "बेट्टदपुरचा माणूस आधी फोटो काढून घरी जायचा आणि रिपोर्टसाठी दोन दिवसांनी परत बस धरायचा. आता तो रिपोर्ट घेऊनच घरी जातो. त्याला विचार, कोण कुठल्या गावात बसलंय त्याचं त्याला काय?"

तू गप्प बसलास. मी खांद्याकडे हात नेला नव्हता, हे मला आजही सांगायचं आहे. तू स्वतःहून गप्प बसलास. मग म्हणालास, "तेही खरं." आणि जाताना दारात, "तरी पण, सुमे." त्या 'तरी पण'च्या पुढे काय होतं ते मी विचारलं नाही. त्याला आठ वर्षं झाली. वाद तिथेच आहे.

माझ्या या फोटोचा रिपोर्ट तासाभरातच आला. बातमी खरी होती. खाली ज्या डॉक्टराचं नाव आहे त्याला मी ओळखत नाही, तो कुठे बसतो ते माहीत नाही. त्यानं काम नीट केलं आहे, हेही नोंदवते. कॉलरबोनच्या मागची सावली सहसा सुटते. त्यानं सोडली नाही. शेवटी लिहिलं आहे: जुन्या फोटोशी ताडून पाहावे; जुना उपलब्ध नसल्यास सीटी करावे. गुडघ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. "जुना फोटो आहे का?" विचारलं. मी म्हणाले, माझ्या भावाकडे आहे.

तेव्हा तू होतास.

यानंतर जे लिहिते आहे ते लिहायला बरं वाटत नाही. तुझ्या घरी मी रोज येत होते. मुंबईहून तुझी मुलगी आली होती. देवळातली माणसं, मोहल्ल्यातली माणसं, तुझे विद्यार्थी, त्यांतले काही आता स्वतः म्हातारे, येऊन बसत होते. वैनी प्रत्येकाला तेच सांगत होती: आंघोळ झाली, कॉफी घेतली, पेपर उघडला. मी तिच्याजवळ बसत होते, तिचा हात धरत होते आणि तुझ्या खोलीच्या दाराकडे बघत होते. तू जुने फोटो काढून ठेवणार होतास. ठेवले होतेस का? शनिवारी की रविवारी काढणार होतास? ज्या घरात दिवस चालू आहेत तिथे 'माझा एक्स-रे कुठे आहे' असं कुणाला विचारायचं? एकदा मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले आणि तुझ्या टेबलाशी उभी राहिले. वर फक्त चष्मा होता. खण उघडायला हात पुढे केला, तेवढ्यात तुझी मुलगी आली. "काय हवंय सुमात्या?" मी म्हणाले, "काही नाही." ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. ते तुझ्यासाठी होतं की ठिपक्यासाठी, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि अजून ठरवता येत नाही.

गुडघ्याच्या डॉक्टरांकडून दोनदा फोन आला. सीटीची वेळ घेऊ का? त्यात दिसलं तर सुईनं तुकडा काढतील. मी म्हणाले, चार दिवस थांबा, घरात असं झालंय. ते म्हणाले, अशा गोष्टी थांबत नाहीत मेडम.

चौदाव्या दिवशी, घर रिकामं झाल्यावर, वैनीनंच हाक मारली. "सुमा, हे तुझं दिसतंय ग. शनिवारी पलंगाखालची पेटी ओढली आणि हे काढून बसले होते. मी म्हटलं, कंबर धरेल. म्हणाले, सुमाचं काम आहे. मग मीच उचलून कपाटावर ठेवलं. या गडबडीत विसरले बघ."

मोठं खाकी पाकीट. आत पाच फिल्म्स, प्रत्येक वेगळ्या कागदात. वर तुझ्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं 'सु.' आणि एक ते पाच आकडे. पहिल्या कागदावर लिहिलं होतं: वेणी. दुसऱ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यावर एकच शब्द: तसाच.

तिसरा फोटो मला आठवला. दैनिकात कायम झाले तेव्हा वैद्यकीय दाखला लागत नव्हता, तरी तू लागतो म्हणून काढायला लावलास. चौथ्याच्या वेळी, नवीन मशीन आलंय, एक निरोगी छाती पाहिजे तपासायला, असं सांगून बोलावलंस. मी म्हटलं होतं, "अय्यो, अख्ख्या म्हैसुरात माझीच छाती सापडली का तुला?" पाचवा पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळचा, अकरा वर्षांपूर्वीचा. फिल्मवर काढलेला माझा शेवटचा. कोण तसाच? मी एकेक फिल्म वैनीच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसमोर धरली. बरगड्या दिसल्या. पहिल्या फोटोत वेणी दिसली, आणि ती दिसली की दुसरं काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन तुझ्या विभागात गेले. तुझी शेवटच्या वर्षांतली विद्यार्थिनी, सोसले गावची डॉ. चैत्रा, आता तिथे शिकवते. दोन पडद्यांसमोर बसली होती. एका पडद्यावर न वाचलेल्या फोटोंची यादी होती आणि ती वाचेपर्यंत खालून वाढत होती. मी तुझी बहीण म्हटल्यावर ती उभी राहिली. मी पाकीट पुढे केलं. तिनं पहिली फिल्म अर्धी बाहेर काढली आणि हात थांबला.

"जडे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, केसांकडे. "अम्मा... ते तुम्ही?"

दत्तण्णा, तुझ्या हाताखाली शिकलेला प्रत्येक माणूस मला ओळखतो. हे तू मला सांगितलं नव्हतंस. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या दिवशी तू पेटीतून पाकीट घेऊन जायचास आणि पहिली फिल्म लावायचास. मुलं टीबी म्हणायची. तू म्हणायचास, मीही तेच म्हणालो होतो, ही वेणी आहे. मुलं हसायची. मग दुसरी फिल्म लावायचास, केस वर बांधलेली, आणि विचारायचास, "आता?" सगळे म्हणायचे, क्लिअर. तू नुसता उभा राहायचास. चैत्रा म्हणाली, तो वेळ फार लांब वाटायचा. मग पेन्सिलीचं टोक कॉलरबोनवर ठेवायचास. हाडाच्या मागे, मुगाच्या दाण्याएवढा, एक ठिपका.

"सर म्हणायचे, इथे आम्ही सगळे चुकलो. मी, माझे सर, हसणारे सगळे. वेणी सापडली आणि शोध थांबला. एक चूक सापडली की माणसाला वाटतं काम झालं." चैत्रा कन्नडमध्ये बोलत होती. सांगताना तिचा हात तुझ्यासारखा हवेत थांबत होता. "सरांना ठिपका दिसला तो काही वर्षांनी, शिकवायला फिल्म काढली तेव्हा. जुना, भरून आलेला डाग असणार. त्रास न देणारा. पण म्हणून ते लक्ष ठेवून होते."

मी विचारलं, "तिला का नाही सांगितलं, असं कुणी विचारलं नाही?"

"मी विचारलं होतं." तिनं फिल्म खाली ठेवली. "म्हणाले, माझ्या पहिल्या चुकीचं तिनं भोगलं. आता जाऊन, तिथे खरंच काहीतरी होतं ग, असं सांगितलं तर तिला वाटेल मी स्वतःला सोडवून घेतोय."

मी खुर्चीत बसले. हात खांद्याकडे गेला होता. खाली घेतला.

म्हणजे इतकी वर्षं माझ्याविरुद्धचा पुरावा तुझ्या पलंगाखाली होता. मी वेणी पुढे घ्यायचे तेव्हा तुला एवढंच म्हणायचं होतं की सुमे, मी अगदीच चुकलो नव्हतो. तू 'साकु बिडु' म्हणायचास आणि चहा मागवायचास. मी ते तुझं ओशाळणं समजत होते. हे कळलं कसं, असं दुसऱ्यांना विचारण्यात मी आयुष्य घालवलं. तू गप्प का होतोस, हे तुला एकदाही विचारलं नाही.

चैत्रानं दिव्याची पेटी शोधून आणवली. विभागात ती एकच उरली आहे, तिच्यावर नोटिसा चिकटवल्या होत्या. तिनं नोटिसा काढल्या, वेणीची सोडून बाकीच्या चार फिल्म्स ओळीनं लावल्या आणि शेजारी पडद्यावर माझा नवा फोटो उघडला. दारात कुणीतरी येऊन तिला यादी वाढत असल्याचं सांगून गेलं. ती म्हणाली, "वाढू दे." बराच वेळ बघत राहिली. मग उठून माझ्याजवळ आली, मानेला हात लावून पाहिला, खोकला, वजन, भूक विचारली. परत जाऊन बघत राहिली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. अडुसष्ट वर्षांच्या बाईनं एका तरुण मुलीच्या पाठीवरून आपलं पुढचं आयुष्य वाचायचा प्रयत्न करावा, असं ते होतं.

"जागा तीच आहे," ती म्हणाली. "आकार... तोच वाटतो. किंचित मोठा वाटतो की काय, मला सांगता येत नाही. फिल्म आणि पडदा सारखे नसतात. मधली अकरा वर्षं माझ्याकडे नाहीत." मग हळूच, "सर असते तर त्यांनी सांगितलं असतं."

"सुई?"

"आज नाही. जुना ठिपका आहे हे नक्की, हीच फार मोठी गोष्ट आहे, अम्मा. मी गुडघ्याच्या डॉक्टरांशी स्वतः बोलते. आता इथे एक फोटो काढू, जुन्यासारखाच उभं करून. तीन महिन्यांनी पुन्हा. पण माझ्याकडेच यायचं. दोन्ही मीच बघणार."

एक्स-रेच्या खोलीत आता मुली काम करतात. भिंतीवरचं तुझं वाक्य रंगाखाली गेलं आहे. डबा मात्र कोपऱ्यात आहे, रबरबँडनी भरलेला, आणि तळाशी चारपाच जुन्या पट्ट्या. मी एक निळी उचलली. ती मुलगी म्हणाली, "बेड अम्मा, नको. तुमचे केस लहान आहेत, मध्ये येत नाहीत." मी म्हणाले, "असू दे," आणि बांधली. थंड पत्र्याला छाती टेकवली. तिनं श्वास घेऊन धरायला सांगितलं. मी धरला.

चैत्रा नवा फोटो घेऊन बसली तेव्हा मी समोर उभी होते. तिनं खाकी पाकिटासाठी सहावा कागद घेतला, त्यावर 'सु. ६' लिहिलं, तारीख लिहिली आणि पेन्सिल वरच धरून ठेवली. मी वाट पाहिली. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

पाकीट आता माझ्या टेबलावर आहे. तीन कागदांवर तुझं 'तसाच', सहाव्यावर कोरी जागा. ती कशानं भरेल ते मला माहीत नाही, आणि रोज सकाळी उठल्यावर आधी तेच आठवतं. पण त्या दिवशी घरी येऊन आरशात पाहिलं तर निळी पट्टी केसांतच होती. सोडली आणि घडी करून पाकिटात ठेवली. तीन महिन्यांनी लागेल. ती बांधताना हात खांद्यावर जाईल, दत्तण्णा. तेव्हा तिथे पुढे घ्यायला काही नसेल, आणि घ्यायचं मनातही नसेल.